शरणार्थी कोण, घुसखोर कोण?



भंडारा म्हटले की महाराष्ट्राला तलाव, धान आणि पितळेची भांडी आठवतात. तिबेटी समाजाला मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने परिचित आहे. गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात १९७२ साली वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, अर्जुनी-मोरगाव तालुका तिकडे गेला. पण तिबेटी लोकांच्या बोलण्यात ती वसाहत आजही ‘भंडारा’च आहे. त्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी बंगाली गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांना कंटाळून, घरदार टाकून आलेल्या हिंदूंची ही गावे. यांत नमःशूद्र समाज मोठा. धानाची शेती, तलावातली मासेमारी आणि शरदात दुर्गापूजा, असे त्यांचे जीवन झाडीपट्टीच्या जीवनात केव्हाच मिसळून गेले आहे.

घुसखोरांच्या हद्दपारीचा वाद देशभर पेटलेला असताना या दोन वस्त्यांकडे पाहणे अगत्याचे आहे. शरणार्थी आणि घुसखोर यांतील भेद दिल्लीतल्या चर्चासत्रांपेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसतो.

परकीयाला देशाबाहेर घालविण्याचा शासनाचा अधिकार निर्विवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच हान्स म्युलर खटल्यात तो मान्य केला. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर स्वाक्षरीही केलेली नाही. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने संबंधित व्यक्तीवरच टाकली होती. आसामपुरता १९८३ चा आयएमडीटी कायदा करून ती जबाबदारी उलट शासनावर ढकलली गेली. परिणामी घुसखोर शोधणे जवळजवळ अशक्य झाले. १२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, तोवर बावीस वर्षे वाया गेली होती. मतपेढीच्या राजकारणाची किंमत देश कशी मोजतो, याचे दुसरे उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

मग अडचण कोठे आहे? हद्दपारी ही केवळ इच्छाशक्तीची बाब नाही. ज्या देशात परत पाठवायचे, त्या देशाने ‘हा आमचा’ असे म्हणावे लागते. त्यासाठी नाव, गाव, पत्ता यांची पडताळणी लागते. ती नसेल तर काय होते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. जुलै १९९८ मध्ये मुंबईतून हद्दपारीसाठी रेल्वेने नेलेल्या लोकांना हावड्याजवळील उलुबेडिया स्थानकावर जमावाने पोलिसांच्या ताब्यातून सोडवून नेले. यांत भारतीय नागरिक आहेत, असा दावा पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारने केला. त्या सरकारचा हेतू काय होता हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो दावा जागच्या जागी खोडून काढील असा कागद पोलिसांच्या हाती होता का, हा प्रश्न उरतोच. जून २०२५ मध्ये तर महाराष्ट्रात पकडून सीमेपलीकडे धाडलेले पश्चिम बंगालचे काही रहिवासी भारतीय असल्याचे निष्पन्न झाले आणि सीमा सुरक्षा दलाला त्यांना परत आणावे लागले. अशा एका चुकीने शंभर योग्य कारवायांवर संशयाचे सावट पडते, आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळते.

हा प्रश्न अरुणनगरच्या दारापर्यंत येतो. तेथील तरुण पोट भरण्यासाठी पुण्यास किंवा सुरतेस गेला आणि भ्रमणध्वनीवर आईशी बोलू लागला, की त्याच्या तोंडी बांगलाच येणार. राजशाहीहून चोरवाटेने आलेल्याची भाषाही तीच. नुसत्या बोलीवरून संशय घेणाऱ्या शिपायाला दोघांतला फरक कळायचा कसा? धर्म राखण्यासाठी ज्याच्या आजोबांनी देश सोडला, त्याला बांगलादेशी ठरविले जाणे यापरता दैवदुर्विलास नाही. वास्तविक २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला प्रत्येक जण, अगदी थोडे अपवाद वगळता, जन्मानेच भारतीय नागरिक आहे. म्हणजे अरुणनगरात त्या काळात जन्मलेल्यांचा प्रश्न नागरिकत्वाचा नसून पुराव्याचा आहे. सीमेपलीकडे जन्मलेल्या वृद्धांचा प्रश्न वेगळा. त्यांच्यापैकी ज्यांचे नागरिकत्व नोंदविले गेले नाही, त्यांच्यासाठी २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा आहे. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी जारी झाले.

तिबेटी वसाहतीचे चित्र याहून निराळे. तेथे प्रत्येकाची नोंद आहे. नोंदणी प्रमाणपत्र, त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण, जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातील दप्तर, हे सारे पहिल्यापासून चालू आहे. कोण आले, केव्हा आले, कोठे राहतात हे शासनास ठाऊक आहे. हिवाळ्यात हीच मंडळी ठिकठिकाणी लोकरीचे कपडे विकताना दिसतात आणि त्यांच्याविषयी कोणाच्या मनात किंतु येत नाही. चोरून येणारा नोंद टाळतो. आश्रय मागणारा स्वतः नोंद करवून घेतो. भेद ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

तरीही त्यांच्या वाट्याला एक विचित्र स्थिती आली आहे. एकाच घरातील १९८६ मध्ये जन्मलेला थोरला भाऊ कायद्याने भारतीय. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात तसा निर्वाळाच दिला. पण आईवडील दोघेही परकीय गणले गेलेले असतील, तर १९९० मध्ये जन्मलेला धाकटा भाऊ परकीयच. २०१९ च्या कायद्यात बौद्धांचा समावेश आहे, परंतु तो पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून आलेल्यांपुरता. चीनने गिळलेल्या तिबेटचे नाव त्यात नाही. अर्थात अनेक तिबेटी नागरिकत्व मागतही नाहीत. मायदेशावरील आपला हक्क सुटेल, असे त्यांना वाटते. ही निष्ठा आदरास पात्र आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास आणि परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. १९२० पासूनचे चार जुने कायदे त्याने मोडीत काढले. त्याबरोबरच निघालेल्या सवलतीच्या आदेशात, १९५९ नंतर आणि ३० मे २००३ पूर्वी विशेष परवान्यावर आलेल्या, नोंदणी केलेल्या तिबेटींना अभय आहे. धार्मिक छळाने किंवा त्याच्या भीतीने बांगलादेश, पाकिस्तान, अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांवर कागदपत्रांअभावी कारवाई होणार नाही. कठोरपणा आणि आश्रय एकाच व्यवस्थेत नांदू शकतात, हे येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे लिहिले गेले.

कायद्याचे काम येथवर झाले. पुढचे काम तालुक्यातले आहे. बंगाली गावांत म्हाताऱ्यांच्या ट्रंकांमध्ये छावणीच्या चिठ्ठ्या, जमीनवाटपाचे आदेश, शाळेचे दाखले अजून सापडतात. काहींना वाळवी लागली आहे, काहींवरची शाई उडाली आहे. त्यांच्या प्रमाणित प्रती तहसील कार्यालयातून मिळवणे, जन्मनोंदीतील नावांच्या चुका दुरुस्त करून घेणे, सातबारा वारसांच्या नावे करणे यांसाठी अर्जुनी-मोरगावात चार-पाच कार्यकर्त्यांनी उन्हाळ्याचे दोन महिने दिले, तरी धान रोवणीपूर्वी घरोघरचे कागद पाहून होतील.