जुना गोठा : पाडायचा की सावरायचा?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीनंतर मंठ्याकडचे एक आजोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, गोठ्याची मागची भिंत फुगली. पोरगं म्हणतं, पाडून स्लॅब टाकू. मी म्हणतो, बापानं बांधलेला हाय, आणखी दहा वर्षं जाईल. तुम्ही सांगा, कोणाचं खरं?"

मी परभणीला शेतीची पदवी घेतली. जमीन शिकलो, पीक शिकलो. गोठा कोणी शिकवला नाही. तो मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. आमच्या गोठ्याचे माळवद गळू लागले. मी खांब आणि सागवानी तुळया काढून विकल्या आणि त्याच दगडमातीच्या भिंतींवर स्लॅब टाकला. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आले. तिसऱ्या वर्षी जनावरे बाहेर बांधून स्लॅब फोडावा लागला. सागवान गेले, सिमेंट गेले, कर्ज तेवढे राहिले. माळवदाचे ओझे आजवर लाकडी खांब पेलत होते, भिंत नुसता आडोसा होती. खांब काढल्यावर सगळे ओझे तिच्यावर आले. आजोबांनी बांधताना जो हिशेब केला होता, तो मी न वाचताच पुसला.

आता ओझ्याचा हिशेब करा. दर मृगाच्या आधी आपण माळवदावर माती टाकतो. बापाने टाकली, आपण टाकली, जुनी कोणी काढली नाही. दहा फूट लांब, दहा फूट रुंद छतावर एक फूट मातीचा थर म्हणजे १०० घनफूट माती. कोरडी असली तरी सुमारे ४५ क्विंटल! पावसात भिजली की आणखी जड. कापसाची आख्खी भरलेली गाडी डोक्यावर उभी करून आपण खाली झोपतो.

३० सप्टेंबर १९९३ ला काय झाले ते इथल्या वडीलधाऱ्यांना आठवते. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे घराखाली गेली. भूकंप मोठा होता, पण एवढी माणसे का गेली? भिंती दोन पदरी होत्या. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मध्ये मातीगोट्यांचा भराव. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. पदर सुटले, भिंती ढासळल्या, वरून माती आली. अनेक घरांत भिंती पडल्या तरी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला, हेही तिथे दिसले.

त्यानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी बसवली. पण सगळी घरे पाडली नाहीत. हजारो गावांतली घरे जागीच दुरुस्त आणि मजबूत करायचे ठरले. भिंतीत आरपार दगड किंवा सळईचे काँक्रीट घालायचे, छतावरची माती कमी करायची, खांब आणि तुळई यांना तिरके टेकू द्यायचे. म्हणजे सावरणे हीही एक विद्या आहे.

मग ठरवायचे कसे? तीन गोष्टी पाहा.

पहिली, भिंत. गवंड्याचा ओळंबा लावा. भिंत सरळ असेल आणि नुसता गिलावा तडकला असेल, तर घाबरू नका. भेग आरपार असेल, तर तिच्यावर सिमेंटचा आडवा पट्टा मारा आणि तारीख लिहा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पाया मुरुमापर्यंत गेला नसेल, तर भिंत तिच्याबरोबर हलते. एक उन्हाळा, एक पावसाळा पट्टा न तुटता राहिला, तर भेग जुनी आहे, बुजवा. पट्टा तुटला, तर पाया चालतो आहे. तिथे वर कितीही पैसा ओतला तरी तो वाया. मात्र भिंतीला पोट आले असेल, तर वर्षभर वाट पाहू नका. जनावरे आजच हलवा.

दुसरी, लाकूड. तुळईचे भिंतीत गेलेले टोक पाहा. पाणी आणि वाळवी तिथूनच शिरते. साबळीने ठोका. आवाज भरीव आला, तर ते लाकूड तुमच्यापेक्षा जास्त जगेल. पोकळ आला, तर टेकू दिल्याशिवाय खाली उभे राहू नका.

तिसरी, पाणी. पन्हाळ तुंबली आहे का? जोत्याशी गोमूत्र आणि पाणी मुरते का? पुष्कळ भिंती म्हातारपणाने पडत नाहीत, पाण्याने पडतात. एक चर खणला तर भिंत वाचते.

तिन्ही बरे असेल तर सावरा. माती उतरवा, पण दोन्ही बाजूंनी सारखी. एका अंगाला ढीग केला, तर छत तिकडेच कलंडेल. पाया आणि भिंत दोन्ही गेले, किंवा दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर गेली, तर पाडा. नवा गोठा पत्र्याचा केलात तर अँगल पायात पक्के रोवा, नाहीतर वळवाच्या वादळात पत्रे शेजाऱ्याच्या शेतात सापडतील. आणि पत्र्याखाली तुराट्यांचा थर द्या. वैशाखात जनावर भाजून निघते.

गळक्या छताची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते. कापसात १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की सीसीआय तो घेत नाही, आणि व्यापारी आपल्या मनाचा भाव सांगतो. भिजलेली ज्वारी काळी पडते, ती वेगळीच.

भावाचा विषय काढू नये म्हणतो, तरी निघतोच. कृषी मूल्य आयोग उत्पादन खर्चात शेतीच्या इमारतींचा घसारा धरतो. तुम्ही धरता का? दोन लाखांचा गोठा २० वर्षे टिकला, तर वर्षाला १० हजार. निम्मा कापसावर टाका. २० क्विंटल कापूस झाला, तर क्विंटलमागे २५० रुपये. हे पैसे भावातून बाजूला पडत नाहीत, म्हणून भिंत फुगेपर्यंत आपण गोठ्याकडे पाहत नाही आणि मग सावकाराकडे जातो. वहीत हा आकडा लिहा. न लिहिलेला खर्च कोणी मागूनही देत नाही.

त्या आजोबांकडे मी जाऊन आलो. खांब-तुळया भरीव आहेत, मागची भिंत गेली आहे. खांब ठेवायचे, माती उतरवायची, ती एक भिंत मुरुमापासून नव्याने घ्यायची. बापलेक दोघेही अर्धे-अर्धे बरोबर निघाले.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने ओळंबा लावून यावे. एवढे बोलून थांबतो.