एका मिलिमीटरची गोष्ट

श्रोतेहो, छायाचित्रांविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे दाखवायला चित्र नाही. म्हणून एक विनंती करतो. घरात झेंडूचं फूल असेल तर हातात घ्या, नसेल तर आठवा. त्याची एक पाकळी ओढून काढा. तिच्या बुडाशी एक बारीक काडी लागलेली दिसेल. तीच पुढे सुकून काळं बी होते. वनस्पतिशास्त्र सांगतं, ही एक पाकळी म्हणजे एक अख्खं फूल. आपण ज्याला झेंडूचं फूल म्हणतो, तो अशा पुष्कळ फुलांचा गुच्छ. शेवंती, सूर्यफूल आणि रस्त्याकडेची एकदांडी ही सारी त्याच कुळातली.

मी कविता लिहिणारा माणूस. कवितेत ‘फूल’ एवढा शब्द पुष्कळदा भागतो. कॅमेऱ्याला तेवढ्याने भागत नाही. कुठलं फूल, त्याची कुठली बाजू, उजेड कुठून, हे सगळं त्याला सांगावं लागतं. गेली काही वर्षं मी फुलांचे आणि घरातल्या साध्या वस्तूंचे अगदी जवळून फोटो काढतो आहे, ते या प्रश्नांच्या ओढीने.

जवळ गेलं की अडचणी सुरू होतात. आपलीच सावली फुलावर पडते. कळणारही नाही अशा वाऱ्याने देठ हलतो. म्हणून सकाळी, वारा सुटायच्या आत काम उरकायचं. फूल कुंडीत असेल तर खिडकीशी आणायचं, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरायचा, म्हणजे सावल्या मऊ होतात.

सगळ्यांत मोठी अडचण निराळीच. दुरून डोंगराचा फोटो काढला तर झाडापासून शिखरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पण वस्तू जेवढी आहे तेवढीच कॅमेऱ्यातल्या पडद्यावर उमटावी इतकं जवळ गेलं, की स्पष्ट दिसणारा थर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा राहतो. त्याच्या पुढचं आणि मागचं धुक्यात जातं. भिंगाचं तोंड बारीक करून तो थर थोडा वाढवता येतो, पण मग उजेड कमी पडतो आणि कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा लागतो. शेवटी ठरवावंच लागतं, काय स्पष्ट ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं.

या वाटेने पूर्वी मोठी माणसं गेली आहेत. कार्ल ब्लॉसफेल्ट हा बर्लिनमधला कलाशिक्षक. रस्त्याकडेची रानटी झाडंझुडपं आणून, घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने तो त्यांचे फोटो काढी, कधी तीसपट मोठे करून. विद्यार्थ्यांनी नक्षीकाम शिकताना मूळ आकार पाहावेत, एवढाच हेतू. १९२८ साली त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. अमेरिकेत एडवर्ड वेस्टनने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. भाजीच्या टोपलीतली मिरची, पण पाठमोऱ्या माणसाच्या अंगासारखी दिसते.

आता माझ्या घरातली एक वस्तू सांगतो. अम्मी शेजारपाजारच्या बायकांचं शिवण शिवायची. काजं आणि तुरपाई हाताने. ती गेल्यावर मशीनच्या खणात तिचं पितळी अंगुस्तान सापडलं, शिवताना बोटात घालायचं. काळं पडलेलं, चिमुकलं. मी ते खिडकीशी ठेवलं आणि फोटो काढून मोठा करून पाहिला. अंगभर खळग्यांच्या सरळ ओळी होत्या. फक्त एका बाजूला, बोटाच्या नखाएवढ्या जागेत, खळगे झिजून सपाट झालेले. सुई रेटायची जागा ती. आम्हा चौघा भावंडांच्या वह्या, शाळेची फी, ईदचे कपडे त्या सपाट जागेवरून आलेले.

मी त्याचे अकरा फोटो काढले. एकात कडा स्पष्ट, एकात ओळी स्पष्ट. शेवटी ठेवला तो एकच, ज्यात ती झिजलेली जागा स्पष्ट आहे आणि बाकी सगळं धूसर. बहिणीला दाखवला. तिने काही न बोलता अंगुस्तान मधल्या बोटात घातलं, जरा फिरवलं, आणि सपाट बाजू बरोबर सुईच्या जागी आणून ठेवली.

महागड्या भिंगाची वाट पाहू नका. आजच्या बऱ्याच मोबाईलमध्ये जवळून फोटो काढायची सोय असते. छोट्या फुलाच्या चिन्हाने ती दाखवलेली असते. सुरुवातीला काळ्या ताटलीत जाड्या मिठाचे चार खडे घ्या. चौकोनी कडा दिसतील. मग काडेपेटीची काडी, मग तुळशीची मंजिरी. आणि एखाद्या दिवशी घरातली रोज वापरून झिजलेली एखादी वस्तू घ्या: पोळपाट, अडकित्ता, किल्ली. ती कुठे झिजली आहे ते शोधा, आणि तेवढीच जागा स्पष्ट ठेवा.