जुनी गाडी : ठेवायची की सोडायची?



आपल्या वस्तीत पहिली मराठी कुटुंबे राहायला आली त्याला शंभर वर्षे झाली. त्यानिमित्त ‘वारसा’ या विषयावर दोन शब्द बोला, असे मंडळाने मला सांगितले. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. आमच्या वर्गात मोठा शब्द आला की आधी एखादी वस्तू दाखवावी लागते. म्हणून आज मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. आमच्या घराच्या मागे पत्र्याच्या छपराखाली एक जुनी, गंजलेली मोटार उभी आहे. तिची दुरुस्ती चालू ठेवावी की तिला निरोप द्यावा, हा प्रश्न आमच्या घरात दोन वर्षे चालला. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेच काहीतरी असेल. कुणाकडे आज्याची पेटी असेल, कुणाकडे पाटा-वरवंटा, कुणाकडे झाकडीचा फाटका ढोलक.

आमची गाडी मॉरिस मायनर. १९४८ साली ती इंग्लंडमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९७१ पर्यंत बनत राहिली. सोळा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आपल्या बेटावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते, म्हणून त्या इथेही आल्या. आमची गाडी १०९८ सीसी इंजिनाची. बाबांनी ती १९७१ साली दुसऱ्याच्या हातची विकत घेतली. बाबा साखर कारखान्यात फिटर होते. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून शर्तबंद मजूर म्हणून आले आणि जन्मभर पायी उसाच्या शेतात गेले. त्यांच्या नातवाच्या दारात चार चाके उभी राहिली, तेव्हा घरात पेढे वाटले होते असे आई सांगते.

पण ती गाडी आमच्या एकट्यांची नव्हती. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या तर बाबांना हाक यायची. फेब्रुवारी १९७५ मध्ये जर्व्हेज वादळाने छपरे उडवली, तेव्हा शेजारची म्हातारी माणसे आणि लहान मुले याच गाडीतून शाळेच्या पक्क्या इमारतीत पोहोचली. गणेश चतुर्थीला विसर्जनासाठी गणपती मागच्या सीटवर बसून समुद्रावर जायचा आणि आम्ही मुले मागून चालत जायचो.

बाबा गेले आणि गाडी उभी राहिली. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर गंजते. आपल्याकडे तर हवेतच मीठ आहे. पाऊस पडतो, पाणी दरवाज्याच्या आत उतरते, खालची भोके चिखलाने बुजली की ते तिथेच साचते. पायाखालची चटई ओली राहते आणि तिच्याखालचा पत्रा आतून खाल्ला जातो. वरून रंग चांगला दिसत असतो.

माझ्या पुतण्याने गाडी दुरुस्त करायचे मनावर घेतले. पहिल्या वर्षी इंजिन उघडले, ते पुन्हा चालू झाले. मग पत्र्याचे काम करणाऱ्याला, आपण क्रिओलीत ज्याला तोलिए म्हणतो त्याला, बोलावले. त्याने गाडी उचलून खाली दिवा धरला आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन पत्रा टोचायला सुरुवात केली. जिथे टणक आवाज आला तिथे तो पुढे सरकला. जिथे स्क्रूड्रायव्हर आत गेला तिथे त्याने खडूने फुली मारली. दरवाज्यांखालच्या लांब पट्ट्या, मागच्या स्प्रिंगांच्या जागा आणि जमिनीखालची आडवी तुळई, सगळीकडे फुल्या दिसू लागल्या.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. तिचे अंगच तिची हाडे. पुढच्या चाकांचा भार घेणाऱ्या टॉर्शन बारची मागची टोके त्या आडव्या तुळईत अडकवलेली असतात. ती तुळई गंजली तर गाडी वरून कितीही चमकली तरी रस्त्यावर नेण्यालायक राहत नाही. तोलिएने सांगितले, “पुट्टी भरून रंग मारायचा असेल तर दोन आठवडे. खरे काम करायचे असेल तर खालचा पत्रा कापून नवा जोडावा लागेल.” खर्चाचा आकडा माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा होता.

मग घरात बैठक बसली. दादा म्हणाला, “आठवण आपल्या मनात आहे, पत्र्यात नाही. आईचे गुडघे दुखतात, तिला पायऱ्या चढवत नाहीत. त्या पैशांत खाली तिच्यासाठी न्हाणीघर होईल.” पुतण्या म्हणाला, “आज्याने स्वतःच्या हाताने सांभाळलेली गाडी आपण भंगारात कशी द्यायची?” वहिनी म्हणाली, “रंग मारून अंगणात ठेवू, पाहुणे बघतील.” तिघांचेही बोलणे मला पटत होते, म्हणून निर्णय कठीण होता.

शेवटी आईला विचारले. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणाली, “मला ती बघायची नाही. मला तिच्यात बसायचे आहे. आणि नसेल जमत तर नसो. पण त्या गाडीतून कोण कोण गेले ते आधी लिहून घ्या. मी गेल्यावर कुणाला विचाराल?”

बंधू-भगिनींनो, आईच्या या बोलण्याने मला पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आठवला. आपण मुलांना सहलीला तिथे नेतो, त्या सोळा पायऱ्या दाखवतो. २००६ साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. पण तिथे आज पूर्वीच्या डेपोचा अर्ध्याहून कमी भाग उरला आहे. बाकीचा काळाने आणि रस्त्याने नेला. जे उरले ते सांभाळले. आणि आपले पूर्वज ज्या जहाजांतून आले त्यांची एक फळीही आपल्याकडे नाही. तरी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन आपण आपल्या पणजोबाचे नाव, गाव, जहाज शोधू शकतो. कारण कुणीतरी ते वहीत लिहिले होते. लिहिणाऱ्याने ते आपल्यासाठी लिहिले नव्हते, सरकारी नोंदीसाठी लिहिले होते. तरी तेच आज आपल्या कामी येते.

यातून आमच्या घराने चार गोष्टी ठरवल्या. तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, लिहिणे. दर रविवारी दुपारी पुतण्या आईजवळ वही घेऊन बसला. गाडीतून दवाखान्यात गेलेली बाळंतीण, वादळातली माणसे, नवऱ्या मुली, शेवटच्या प्रवासाला गेलेले दोघे. आतापर्यंत एकसष्ट नावे झाली आहेत. त्यातली काही नावे आज या सभागृहात बसली आहेत. या कामाला वही आणि पेन्सिलीपलीकडे खर्च आला नाही.

दुसरी गोष्ट, जिवंत माणूस आधी. आईचे न्हाणीघर मागच्या मे महिन्यात झाले. गाडी तोवर थांबली. ज्या वारशासाठी घरातल्या म्हातारीला पायऱ्या चढाव्या लागतात, तो वारसा कसला?

तिसरी गोष्ट, भार घेणारे भाग आधी. तुळई, लांब पट्ट्या, स्प्रिंगांच्या जागा, ब्रेक. रंगाला सध्या एक रुपयाही नाही. बाबांच्या हातचे ओरखडे तसेच राहतील. पुतण्या स्वतः वेल्डिंग शिकतो आहे. पुढच्या चाकांच्या खुंट्यांना ग्रीस कधी द्यायचे, ते तो बाबांच्या वहीत पाहून करतो. उद्या मी आणि दादा नसू, तेव्हा गाडी ज्याला सांभाळायची आहे त्याच्या हाताला ते काम यायला हवे. पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतलेली दुरुस्ती दहा वर्षांनी पुन्हा गंजेल.

चौथी गोष्ट, थांबायची खूण आधीच ठरवणे. पुढच्या गणेश चतुर्थीपर्यंत गाडी फिटनेसची तपासणी पार झाली नाही, तर आम्ही थांबणार. इंजिन, दरवाजे, काचा ज्यांच्याकडे दुसरी मायनर आहे त्यांना देणार, म्हणजे आमच्या गाडीने दुसरी एखादी गाडी चालेल. वही आमच्याकडे राहील. दादाने हे मान्य केले, पुतण्यानेही केले. शेवट ठरलेला असल्यामुळे आता घरात भांडण होत नाही, फक्त काम होते.

गाडी पास होईल का, ते आज सांगता येत नाही. दोन फुल्या अजून बाकी आहेत, आणि त्यातली एक तुळईवरची आहे.

मी शिक्षिका आहे, म्हणून शेवटी गृहपाठ दिल्याशिवाय कशी जाऊ? आपल्या मंडळासमोरही असेच प्रश्न येतात. जुने सभागृह पाडावे की दुरुस्त करावे, झाकडीचे जुने गाणे कुणी शिकावे, मुले क्रिओलीत बोलतात तर मराठीचे काय करावे. प्रत्येक वेळी आपण आधी रंगाबद्दल बोलतो, कारण रंग सोहळ्याच्या दिवशी दिसतो. मी म्हणते, आधी खाली दिवा धरा. भार कशावर आहे ते पाहा. आणि ज्यांना माहीत आहे ती माणसे बसली आहेत तोवर लिहून घ्या. या आठवड्यात घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ वही घेऊन बसा आणि दहा नावे लिहा. पुढच्या सभेला ती वही घेऊन या, मी तपासणार आहे.