बांबूची पिचकारी आणि पेंटबॉल
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



संस्थेला पंचवीस वर्षं झाली, म्हणून कुठल्याही विषयावर बोला, असं सचिवांनी सांगितलं. मी मुलांच्या अर्जावर बोलणार आहे. धुळवडीला मागच्या पटांगणात पेंटबॉल खेळू द्या, सामान आम्ही घरीच बनवू, असा तो अर्ज आहे. कमिटीत दोन मतं आहेत.

या खेळाचा जन्म जंगलाच्या कामातून झाला. अमेरिकेत तोडायच्या झाडांवर लांबून रंगाची खूण करायला एक पिस्तूल निघालं होतं. आपल्याकडे कूपातल्या झाडावर हातोड्याने ठसा मारतात, तसंच ते. १९८१ साली न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथे बारा जण तेच पिस्तूल घेऊन रानात खेळले, आणि पेंटबॉल सुरू झाला. जिलेटिनच्या गोळीत रंग असतो. ती सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास वेगाने सुटते, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटर! म्हणून मैदानात असेपर्यंत तोंडावरचा मास्क काढायचा नाही, हा तिथला पहिला नियम.

मी बँकेत असताना एटापल्लीला होतो. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला, त्यानंतरचीच ही गोष्ट. तिथे बंदूक हा शब्द थट्टेचा नव्हता. पण धुळवड जोरात व्हायची. आमच्या शाखेतला शिपाई मुलांना पिचकाऱ्या करून द्यायचा. मानवेल बांबू बहुधा भरीव निघतो, म्हणून तो पोकळ काटस घ्यायचा. एका टोकाला पेर ठेवायचं, तापवलेल्या खिळ्याने त्याला बारीक भोक पाडायचं. आत काडी, काडीच्या टोकाला चिंधी सुतळीने घट्ट बांधलेली. चिंधी भिजून फुगली की हवा निसटत नाही. दांडा ओढला की रंग आत, दाबला की बाहेर. रंग पळसाच्या फुलांचा, रात्रभर भिजवलेला.

तिथून पूर्वेला बस्तर. जगदलपूरला आषाढात गोंचा उत्सवात रथांसमोर बांबूची ‘तुपकी’ उडवतात. नळीत मालकांगणीचं एक फळ पुढे, एक मागे. मधली हवा दाबली गेली की पुढचं फळ फट्कन सुटतं. पेंटबॉलची बंदूकही हवेच्याच दाबावर चालते बाप्पा!

फरक आहे तो जोर कुठून येतो त्याचा. पिचकारीत पोराच्या हाताएवढाच जोर. प्लॅस्टिकच्या पाइपात गॅस कोंडून ठिणगी दिली, की तो जोर कोणाच्याच हातात राहत नाही. २०२५च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास घरगुती कार्बाईडच्या बंदुकांनी शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात बहुतेक मुलं होती. काहींची नजर गेली. डोळ्याला मुदतवाढ मिळत नाही, आणि गेलेला डोळा कुठल्याही व्याजाने परत येत नाही.

म्हणून अर्ज फेटाळू नका, अशी माझी विनंती आहे. फेटाळला तर पोरं गच्चीवर लपून करतील, आणि तिथे बघायला कोणी नसेल. मंजूर करा, पण अटींवर. पाइप, गॅस, स्प्रे, रबर, स्प्रिंग काही नाही. फक्त हाताने दाबायची पिचकारी. रंग पळसाचा, साधा. गडद करायला चुना घालायचा नाही, तो डोळ्यात गेला तर घातच. नेम गळ्याच्या खाली. तुपकी करायची हौस असेल तर करा, पण फळ टीनच्या डब्यावर मारा, माणसावर नाही. प्रत्येकाला डोळे झाकणारा गॉगल. आडोशाला पोती आणि जुनी खोकी चालतील, झेंड्याला आईची जुनी साडी, अर्थात विचारून!

बांबू मी आणून देतो. भोकं पाडायला मोठ्या माणसांपैकी दोघे तरी रविवारी सकाळी खाली या. पोट्ट्यांना हत्यारं धरायला आपण शिकवलं नाही, तर ते मोबाईल बघून शिकतील.