छोट्या गाडीचं मायलेज: आधी मोजा, मग पाना घ्या

आजचा भाग मैंदर्गीतून, घरूनच रेकॉर्ड करतोय. मागून कुत्र्यांचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

विषयही घरचाच आहे. आमची 800 सीसीची जुनी गाडी. वडील आठवड्यातून तीनदा ती घेऊन अक्कलकोटमार्गे सोलापूरला जातात. सध्या त्यांचं एकच म्हणणं, "गाडी पेट्रोल प्यायला लागलीय." गॅरेजमध्ये उपाय मिळाला: पेट्रोलच्या पाइपवर मॅग्नेट, आणि जमलं तर सीएनजी किट. खर्चाचा आकडा ऐकून मी म्हटलं, थांबा, आधी मोजूया.

मोजायचं म्हणजे टाकी ते टाकी. त्याच पंपावर, पहिल्या कटऑफपर्यंत फुल करा, किलोमीटर लिहा, पुन्हा फुल करा, भागाकार करा. असं निदान चार वेळा. एका वेळच्या आकड्यावर जाऊ नका.

त्यातही गंमत आहे बघा. आमच्या गाडीचे मूळ टायर 145/80 आर 12. मध्ये कोणीतरी 155/80 घातले होते. चाकाचा व्यास साधारण 537 मिमीवरून 553 झाला, म्हणजे तीन टक्के मोठा. मीटरला ते कळत नाही. गाडी 103 किलोमीटर जाते, मीटर 100 दाखवतो. म्हणजे गाडी तेवढंच पेट्रोल खाते, पण कागदावर वीसचं मायलेज साडेएकोणीसच्या खाली येतं! वडिलांची निम्मी तक्रार इथेच सुटायला लागली.

दुसरं कारण टाकीतच आहे. आता पंपावर ई20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. आपला जिल्हा उसाचा, कारखान्यांचा, त्यामुळे हे आपल्याला नवीन नाही. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच जुन्या चारचाकींसाठी 6-7 टक्के घट धरली होती. ही घट कुठलंही मॅग्नेट भरून काढणार नाही. इंजेक्शनवाल्या, सेन्सर धड असलेल्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ सगळं जळतंच, मग मॅग्नेट वाचवणार काय? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरहून जास्त उपकरणं तपासली. बहुतेकांचा काहीच उपयोग दिसला नाही.

मग आम्ही काय बदललं? टपावरचं कॅरिअर काढलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 80 वरून 100 वर गेलात की विरोध दीडपटीहून जास्त. टपावर रिकामी जाळी घेऊन हवा कापत जायचं कशाला? टायर मूळ मापाचे घातले, हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी, तीही सकाळी, टायर थंड असताना. एअर फिल्टर बदलला, कारण आमच्याकडची धूळ तुम्हाला माहितीच आहे. चाक जॅकवर फिरवून ब्रेक घासतोय का तेही बघितलं.

परदेशात काही लोक पुढची जाळी पुठ्ठ्याने झाकतात, हवा कमी अडते म्हणून. सोलापूरच्या मे महिन्यात असलं काही करू नका, इंजिन तापेल.

आता माझ्या आवडीचा भाग. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथ डोंगल लावला आणि डेटा लॅपटॉपवर घेतला. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर बंद होतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन चालू राहायला पुन्हा पेट्रोल घेतं. वडिलांची सवय कार्बोरेटरच्या काळातली, गतिरोधक दिसला की न्यूट्रल. ग्राफ दाखवल्यावर म्हणाले, "म्हंजे मी चाळीस वर्षं उलटं चालवतोय का?" मी म्हटलं, "तुमच्या जुन्या गाडीला ते बरोबर होतं, बाबा."

राहिला सीएनजीचा प्रश्न. तो हिशोब खरा आहे, पण कागदांसकट करा. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, कंपनीच्या मूळ रचनेत मनासारखा बदल चालणार नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किटला परवानगी आहे, पण आरटीओकडून आरसीवर नोंद हवी, विमा कंपनीला कळवायला हवं, आणि सिलिंडरची ठरावीक मुदतीत चाचणी. गॅरेजवाला "नोंदीचं नंतर बघू" म्हणाला, तर दुसरं गॅरेज बघा. अपघात झाला तर क्लेमच्या वेळी तो तुमच्या शेजारी उभा नसेल. आणि सीएनजीचा पंप तुमच्या रोजच्या रस्त्यावर आहे का, हे किटच्या किमतीआधी विचारा.

आम्ही सध्या किट घेतलेलं नाही. चार टाक्या मूळ टायरवर मोजून झाल्या की वडील ठरवतील. वही त्यांच्याकडेच आहे, डॅशबोर्डच्या खणात.