आपल्या हाताचा कोयता

(महिला बचत गटांच्या मासिक बैठकीत सहयोगिनीने केलेलं मार्गदर्शन)



आज बचत, कर्ज, हप्ता यावर बोलणार नाही. कोयता-कुऱ्हाडीवर बोलते. हसू नका! एम.एस.डब्ल्यू. करून आले तेव्हा मलाही कुऱ्हाड धरता येत नव्हती. तुमच्यातल्याच एका मावशींनी शिकवलं.

मागच्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याकडच्या एक ताई बांधावरची वेडी बाभळ तोडत होत्या. कुऱ्हाड सासऱ्यांच्या काळातली. हात वर गेला आणि पातं दांड्यातून निसटून नडगीवर बसलं. सात टाके पडले, दहा दिवसांची मजुरी बुडाली, त्या महिन्याचा हप्ता गटानं सावरून घेतला. भेटायला गेले तर म्हणतात, "ढिली हाय हे म्हाईत होतं ओ, पर दुसरी कुठं हाय?"

बहुतेक घरांत हेच आहे. नवी कुऱ्हाड गड्याच्या हातात, झिजलेली बाईच्या. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. म्हणजे त्यातला अर्धा आपला. पण कोयता विकत घेताना आपला हात कुणी बघतं का?

तर घेताना स्वतः जा. हात सरळ पुढं करून कोयता धरा आणि वीस आकडे मोजा. मनगट थरथरायला लागलं तर तो तुमचा नाही, कितीही स्वस्त मिळू दे. घिसाडी ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता घडवून देतात, तो धार धरून ठेवतो. बाजारातला पातळ पत्र्याचा दोन दिवसांत वाकतो. मनगटाएवढ्या फांदीपर्यंत कोयता पुरतो, त्याहून जाड असेल तर कुऱ्हाड. कुऱ्हाडही हलकीच बघा. जड कुऱ्हाडीनं काम लवकर होतं म्हणतात, पण दुपारपर्यंत हात गळाले की घाव भलतीकडंच पडतो.

खरी मेख दांड्यात आहे. दांडा बाभळीचा, वाळलेला, गाठ नसलेला. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीनं गेलेल्या हव्यात, आडव्या असतील तर तो मध्येच मोडतो. पातं तळहातात धरलं की दांड्याचं टोक काखेपर्यंत यावं. सासऱ्यांच्या मापाचा दांडा तुम्हाला लांबच होणार. बसवल्यावर पाचर घट्ट ठोका. ढिला झाला की आपण रात्रभर पाण्यात घालतो ना? मीही तेच सांगायचे. चुकत होते. लाकूड फुगतं, तेवढ्यापुरतं बसतं, आणि उन्हात वाळलं की आधीपेक्षा जास्त ढिलं होतं. नवी पाचर मारा. दांड्याला जवसाचं तेल चोळा, ते सुकतं. शेंगतेल चिकट राहतं, हात घसरतो.

वेडी बाभळ हातानं ओढायची नाही. लांब बेचक्यानं फांदी दाबून धरा, मग घाव घाला. तिचा काटा चपलेतून आरपार जातो, हे मी तुम्हाला काय सांगणार! आणि नुसती वरून तोडली तर पावसाळ्यात दुप्पट फुटते. बांध मोकळा करायचा असेल तर कुदळीनं खोडाचा गड्डा जमिनीखालून काढावा लागतो. चुलीपुरतं जळण हवं असेल तर मात्र बुंधा राहू द्या, फुटू द्या.

धारेचं राहिलंच. बोथट कोयता जास्त घसरतो, म्हणून जास्त लागतो. प्रत्येकीनं कानस घ्यायची गरज नाही, गटात एक पुरे. व्यवसायाचं कर्ज शेळी-शिलाई मशीनलाच घ्यायचं असं कुठं लिहिलेलं नाही. शेळीला पाला तोडायलाही कोयताच लागतो.

पुढच्या बैठकीला आपापली कुऱ्हाड, कोयता पोत्यात गुंडाळून आणा. दांडे आपण सगळ्या मिळून तपासू. त्या ताईही येणार आहेत. त्यांनी स्वतःच्या मापाची नवी कुऱ्हाड करून घेतलीय. परवा मालकांनी मागितली तर म्हणाल्या, "न्या की, पर तुमास्नी आखूड पडंल."