पानशेपटी पाल : वनांत आणि पेटींत

मराठी घरांत पाल चुकचुकली कीं मनांत शंका येते; अंगावर पडली तर पंचांगांतील पल्लीपतनाचें फल पाहिलें जातें. दूरच्या मादागास्कर बेटांतहि पालीविषयीं असेंच भय होतें. फ्लाकूर नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें सन १६५८ मध्यें त्या बेटाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. माणसाच्या छातीला चिकटणाऱ्या एका प्राण्याची तेथील लोकांना वाटणारी धास्ती त्यांत वर्णिली आहे. तो प्राणी म्हणजे पानशेपटी पाल होय, असें मानतात. शास्त्रज्ञ तिला युरोप्लेटस म्हणतात.

वस्तुतः ही पाल मनुष्यास सर्वथा निरुपद्रवी आहे. तिच्या साऱ्या जाती मादागास्कर व त्याच्या लगतचीं लहान बेटें एवढ्याच प्रदेशांत आढळतात. मोठी जात सुमारें फूटभर लांब असते. ती दिवसा झाडाच्या खोडावर डोकें खालीं करून निजते. हनुवटीपासून अंगाच्या दोन्ही बाजूंस तिला त्वचेची झालर असते. ती खोडाला चापून बसली कीं शरीराची कडा व सावली दोन्ही लोपतात. दुसरी एक जात जेमतेम अर्धी वीत भरते. तिची शेपटी किडीनें कुरतडलेल्या वाळक्या पानासारखी असते. डोळ्यांस पापण्या नसल्यामुळें ही पाल ते जिभेनें पुसते. रात्रीं ती कीटक टिपते, आणि शत्रूनें गांठलेंच तर जबडा वासून आंतील लाल रंग दाखविते. तथापि तिचें खरें शस्त्र न दिसणें हेंच होय.

हें शस्त्र रानाच्या आधारानेंच चालतें. भातशेतीसाठीं रान तोडून जाळलें, कीं जें खोड तिला लपवी तेंच नाहींसें होतें.

कांचेच्या पेटींत तर तीच विद्या तिला घातक ठरते. रानांतून धरून आणलेली पाल बहुधा तहानलेली असते, आणि पोटांत जंत असतात. तिला गारवा हवा, दमटपणा हवा, पानांवर शिंपडलेलें पाणी हवें. उष्मा सोसत नाहीं. परंतु आजारी पालहि निरोगी पालीसारखीच निश्चल बसते. पाळणाऱ्यास ती निजलेली वाटते. दुखणें कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. जाणकारांच्या देखरेखीखालीं या पालींची वीण झाली आहे, हें खरें. पण तें हौसेचें नव्हे, अभ्यासाचें फळ आहे.

सन २००४ मध्यें वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारांत या साऱ्या जातींचा समावेश करण्यांत आला. भारतांतहि सन २०२२ च्या सुधारित वन्यजीव कायद्यान्वयें अशा परदेशी प्राण्यांची नोंद करणें बंधनकारक झालें आहे. परंतु केवळ कायद्यानें हौस आवरत नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांना कुतूहल असेल, त्यांनीं दिवेलागणीनंतर घरच्या भिंतीकडे पाहावें. तेथील पाल याच कुळांतील आहे. तेच पापण्यांवांचूनचे डोळे, तीच डोळा पुसणारी जीभ, तीच भिंतीला धरून ठेवणारीं बोटें तेथें दिसतील. तिला पेटी लागत नाहीं. तिला हांकलून न देणें एवढेंच पुरे.